नवऱ्याने ग्वाटेमालाहून लाकडी मुखवटा आणलाय. नाचलेला असेल की बाजारू?

अनुजा_वाशी
मंडळी, पेच घरगुती आहे, पण जाणकार इथेच सापडतील म्हणून धागा काढते.

नवरा वेलचीच्या धंद्यात. ग्वाटेमालाची वेलची आता सगळीकडे जाते, त्यामुळे त्याची कोबानला फेरी होते. या वेळी रविवारी सुट्टी मिळाली तेव्हा चिचिकास्तेनांगोचा बाजार बघून आला आणि तिथून हा मुखवटा उचलला. गुलाबी गोरा चेहरा, सोनेरी कुरळे केस (लाकडातच कोरलेले), सोनेरी मिशा, गालांवर लाली. एकदम जत्रेतल्या बाहुल्यासारखा. विकणारा म्हणाला म्हणे, की हा जुना आहे, माया लोकांच्या नाचात दोन पिढ्या नाचलेला आहे. हनुवटीपाशी आणि नाकावर चांगला काळपट झालाय, त्यामुळे नवऱ्याला पटलं.

सासूबाईंना मात्र तो हॉलमध्ये नकोय. "कुणाच्या तोंडावरचा, काय माहीत. आणि रात्री पाणी प्यायला उठलं की बघत असतो." मधला मार्ग म्हणून त्यांनी तो खिळ्यावर उलटा लावलाय, तोंड भिंतीकडे. तीन आठवडे आम्ही त्याची पाठ बघतोय.

प्रश्न: १) माया लोकांच्या नाचात हा गोरा माणूस कोण? २) डोळे तर रंगवलेले आहेत, मग नाचणाऱ्याला दिसतं कुठून? ३) मुख्य म्हणजे, खरंच नाचलेला आहे हे ओळखायचं कसं?

टवाळ_बंडू
ब्रह्म सत्य, मुखवटा मिथ्या. शेवटी सगळी मायाच.

मालवणी_माणूस
सासूबाईंचा बरोबर आसा. आधी एक गाऱ्हाणा घाला, मगे हॉलमध्ये लावा.

कुलकर्णी_काका
माया संस्कृती हजार वर्षांपूर्वीच नष्ट झाली. त्यामुळे "माया लोक नाचतात" वगैरे सगळं पर्यटकांसाठी रचलेलं असणार. २०१२ साली जग बुडणार म्हणून ज्यांच्या नावावर खपवलं, तेच ना हे?

किरमिजी
काका, ओस पडली ती दक्षिणेकडच्या सखल जंगलातली शहरं. माणसं कुठे जातील? ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत ४१.७ टक्के लोकांनी स्वतःला माया म्हणून नोंदवलंय. त्या देशात २२ माया भाषा आहेत: किचे, काक्चिकेल, केक्ची, माम, अची... १९९२ चं शांततेचं नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू किचेच. आणि अनुजाताईंचे यजमान ज्या कोबानला वेलची घ्यायला जातात, तिथली वेलची खुडणारे बहुतेक केक्ची माया.

२०१२ चं जाऊ द्या. ते त्यांच्या दिनदर्शिकेचं एक आवर्तन संपत होतं. आपल्याकडे साठ संवत्सरं संपली म्हणून कुणी छत्री घेऊन पळत नाही.

रानवारा
अनुजाताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. मी काही वर्षांपूर्वी स्पॅनिश शिकायला केत्साल्तेनांगोला दोन महिने राहिले होते. गावकरी त्याला शेला म्हणतात, आपल्या खांद्यावरच्या शेल्याशी संबंध नाही.

तुमचा गोरा बहुतेक स्पॅनिश सरदार पेद्रो दे आल्व्हारादो किंवा त्याच्या कप्तानांपैकी एखादा. "बायले दे ला कोंकिस्ता", म्हणजे विजयाचा नाच, त्यातलं पात्र. १५२४ साली आल्व्हारादोने किचे राज्य जिंकलं, त्याचा हा नाच. त्याचे केस असे पिवळे, की मेक्सिकोतले लोक त्याला तोनातिउ म्हणजे सूर्य म्हणायचे. म्हणून मुखवट्याला ते सोनेरी कुरळे केस. समोर किचेंचा सरदार तेकून उमान. दंतकथा अशी, की घोडा आणि स्वार हे एकच जनावर आहे असं समजून तेकूनने घोड्यावर वार केला आणि तेवढ्यात आल्व्हारादोचा भाला त्याच्या छातीत घुसला. त्याचा राखणदार केत्साल पक्षी येऊन त्या छातीवर पडला, तेव्हापासून केत्सालची छाती लाल. ग्वाटेमालाच्या चलनाचं नावही केत्सालच. यजमानांनी तुमचा गोरा ज्या पैशात घेतला ते पैसे तेकूनच्या बाजूचे आहेत, हा योगायोग सांगा त्यांना.

मी हा नाच चिचिकास्तेनांगोला सान्तो तोमासच्या जत्रेत पाहिला. मुख्य दिवस २१ डिसेंबर. चर्चच्या पायऱ्यांवर कोपालचा, म्हणजे त्यांच्या धूप-राळेचा, एवढा धूर की डोळे चुरचुरतात. खाली अंगणात मखमली झगे, त्यावर आरसे आणि टिकल्या, टोपीवर पिसं. वाजवायला ढोल आणि चिरिमिया. चिरिमिया म्हणजे सनईचीच मावसबहीण, तशीच दुहेरी पत्तीची, पण गळा जरा बसलेला. नाच आपल्या कल्पनेसारखा जोरकस नसतो. चार पावलं पुढे, गिरकी, चार मागे, आणि हे तासन्‌तास. मध्ये संवाद. मुखवट्याच्या आतून एक अक्षर कळत नाही, पण तक्रार कुणाचीच नसते.

एकदा आल्व्हारादो माझ्या शेजारी येऊन कट्ट्यावर बसला आणि त्याने मुखवटा कपाळावर सरकवला. आत सोळा-सतरा वर्षांचा सावळा पोरगा. नाकाच्या हाडावर लाकडाचा लालभडक वळ, भुवयांत घाम. अर्धी बाटली पाणी प्यायला, बाहीने मुखवट्याची आतली बाजू पुसली, आणि परत गोरा होऊन उठून गेला.

अनुजा_वाशी
रानवारा, अंगावर काटा आला. पण एक कळलं नाही. आपण ज्यात हरलो ते दरवर्षी का नाचायचं?

गोदाकाठ
कळायचं काय त्यात? पाद्र्यांनी बसवून दिलेलं नाटक आहे. स्पेनमध्ये मूर (म्हणजे तिथले मुसलमान) विरुद्ध ख्रिश्चन असा नाच होताच. तोच इथे आणला, मुरांच्या जागी माया घातले. शेवटी सगळे बाप्तिस्मा घेतात, पडदा. गुलामाकडून गुलामीची उजळणी करून घ्यायची ही पद्धत. त्यात रोमँटिक काही नाही.

टवाळ_बंडू
बायले दे ला कोंकिस्ता... मी पहिल्यांदा "बायले दे, कोकिस्ता घे" असं वाचलं.

रानवारा
गोदाकाठ, उगम तुम्ही म्हणता तोच आहे, पण मैदानात उभं राहून बघितलं तर एवढं सरळ राहत नाही. आल्व्हारादो होणाराही मायाच असतो, कपड्यांचं भाडंही तोच भरतो. आणि गर्दी कुणाकडे बघत असते? तेकूनकडे. डोक्यावर केत्साल पक्षी बांधलेला, तो मेल्यावर शवपेटीत घालून नेतात. माझ्या शेजारची आजी जिंकणाऱ्याकडे ढुंकून बघत नव्हती, त्या पेटीमागे चालत होती.

शिवाय आहित्स म्हणून एक पात्र आहे, किचेंचा दैवज्ञ. लाल कपडे, लाल मुखवटा, हातात स्वतःसारखीच छोटी बाहुली. तो गोऱ्यांच्या मधून उड्या मारत असतो. पोरं त्याला घाबरतातही आणि त्याच्याच मागे पळतात.

आणि ते गोरे चेहरे! गालांवरची ती लाली, त्या मिशा. ही भक्ती आहे की थट्टा, मला आजही सांगता येणार नाही. मला थट्टा वाटली.

गोदाकाठ
थट्टा तुम्हाला वाटली. तुम्ही दोन महिने होता. कोरणाऱ्याला काय वाटतं ते त्याला विचारलंत का?

रानवारा
विचारलं. म्हणाला, "आल्व्हारादो असाच दिसतो." संपलं.

गोदाकाठ
हे उत्तर मात्र आवडलं.

किरमिजी
अवांतर, पण पाद्र्यांनी सगळं दिलं असं मात्र नाही. मुखवटा घालून नाचणं तिथे स्पॅनिश यायच्या कितीतरी आधीपासून आहे. बोनाम्पाक या जुन्या माया शहरातल्या भित्तिचित्रांत, इ.स. ७९० च्या आसपासच्या, वादकांच्या रांगेतच मगरीचा मुखवटा घातलेला आहे, खेकड्याच्या नांग्या लावलेला आहे. मातीच्या रंगवलेल्या भांड्यांवर चित्रकार मुखवटा अर्धा कापून दाखवतो, म्हणजे बाहेर देवाचं तोंड आणि आत माणसाचं नाक-डोळे एकाच वेळी दिसतात. रानवाऱ्याने कट्ट्यावर जे पाहिलं तेच, हजार वर्षं आधी. "नाचणे" या क्रियापदाचं चित्राक्षरही वाचलं गेलंय, "अकोत". १९९२ मध्ये माया लिपीचा अभ्यासक निकोलाय ग्रूबेने ते लावलं. त्यानंतर कळलं, की दगडांवर ऐटीत उभे दिसणारे कितीतरी राजे उभे नाहीतच, नाचतायत.

आणि पोपोल वूह या किचेंच्या पुराणपोथीतले जुळे भाऊ, हुनाहपू आणि श्बालांके, पाताळात शिबाल्बाला जातात, तिथल्या यमांसमोर भटक्या नाच्यांचं सोंग घेऊन मुंगसाचा, आर्माडिलोचा नाच करतात...

स्पष्टवक्ता
मुंगूस अमेरिकेत नसतं हो.

किरमिजी
बरोबर, वीझल. मुंगसासारखं दिसतं म्हणून घाईत लिहिलं. मराठी शब्द कुणाला माहीत असेल तर द्या. तर नाचता नाचता ते एकमेकांना मारून परत जिवंत करून दाखवतात. यम खूश होऊन म्हणतात, आता आम्हाला मारा. हे मारतात, आणि जिवंत करायचं विसरतात.

या पोथीची आज हाती असलेली प्रत फ्रान्सिस्को शिमेनेस नावाच्या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला उतरवून घेतली, तीही चिचिकास्तेनांगोलाच. म्हणजे तुमचा मुखवटा भल्या गावचा आहे.

टवाळ_बंडू
"जिवंत करायचं विसरतात" हहपुवा.

जव्हारकर
धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे जव्हार-मोखाड्याला बोहाडा होतो. रात्रभर मशालीच्या उजेडात एकेक सोंग येतं, आधी गणपती, मग बाकीचे देव, राक्षस. पूर्वी लाकडाचे मुखवटे, आता बरेच कागदाच्या लगद्याचे. लाकडी मुखवटा तोंडावर नुसता बांधता येत नाही, कपाळ सोलून निघतं. आधी डोक्याला, हनुवटीला फडकं गुंडाळायचं, मग मुखवटा. तिकडेही फडकं बांधतात का?

रानवारा
हो! रुमाल. डोकं आणि गळा रुमालाने बांधून वर मुखवटा. मुखवटे अंगाने लहानच असतात, चेहऱ्याच्या कडा रुमालात लपतात.

आणि अनुजाताईंचा दुसरा प्रश्न राहिला: रंगवलेल्या किंवा काचेच्या डोळ्यांतून बघायचंच नसतं. त्या डोळ्यांच्या खाली नाहीतर भुवईपाशी बारीक फटी असतात, त्यातून. समोरचं थोडं, पायाखालचं त्याहून कमी.

जव्हारकर
म्हणूनच आमच्याकडे सोंगाच्या पुढे मशालवाला चालतो. सोंगाला दिसावं म्हणून नाही, सोंग पडू नये म्हणून.

नेहा_पुणे३०
हे मुखवटे नाचणाऱ्याच्या घरचे असतात का? पिढीजात?

रानवारा
बहुतेक भाड्याचे. त्यासाठी खास दुकानं असतात, त्यांना मोरेरिया म्हणतात. तोतोनिकापान, सान क्रिस्तोबाल तोतोनिकापान, चिचिकास्तेनांगो इथल्या प्रसिद्ध. एकेका नाचाचा पूर्ण संच तिथे मिळतो, म्हणजे मुखवटे, झगे, पिसांच्या टोप्या, शिवाय संवादांची वही.

टवाळ_बंडू
मोरेरिया म्हणजे मोऱ्यांचं दुकान?

सचिन_मोरे
आमच्या आडनावाला हात लावायचा नाही. भाडं आगाऊ.

रानवारा
मूरांवरून आलंय ते. स्पॅनिशमध्ये मूर म्हणजे मोरो. तेवढ्यावरून गॅदरिंगचे ड्रेस भाड्याने देणारं दुकान डोळ्यांसमोर आणू नका मात्र. मी गेले त्या मोरेरियात फळीवर रांगेने चेहरे, खाली मेणबत्त्या आणि कोपाल. मुखवटे न्यायला नाचणारे येतात तेव्हा आधी प्रार्थना, मग हिशोब. माझ्या हातात हरणाचा मुखवटा दिला, "बायले देल वेनादो"मधला, तेव्हा मालकाची आई काहीतरी पुटपुटली. मला नाही, हरणाला.

भाडं परवडणारं नसतं. कुणी नवस म्हणून नाचतो, कुणी अमेरिकेत मजुरीला गेलेल्या भावाच्या पैशावर. आता तरुण पोरं "कोन्विते" नावाचे नाच करतात, त्यात कार्टूनमधले आणि सुपरहिरोंचे मुखवटे असतात. म्हातारे नाक मुरडतात आणि बघायला पहिल्या रांगेत बसतात.

कुलकर्णी_काका
माझं विधान मागे घेतो. वाचतोय. ते हिरव्या जेडचा मुखवटा म्हणून फोटो येतो, तो कुठल्या नाचातला?

किरमिजी
तो नाचातला नाही काका, थडग्यातला. पालेंके या जुन्या माया शहराच्या पाकाल राजाचा, पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस यांना १९५२ साली सापडलेला. त्याची वेगळी गंमत म्हणजे १९८५ च्या नाताळात मेक्सिकोच्या संग्रहालयातून तो चोरीला गेला आणि १९८९ ला सापडला.

मालवणी_माणूस
सासूबाईंका ह्या वाचून दाखवा. मुखवटे आपले पायान फिरतत.

किरमिजी
फिरतात खरे. आतित्लान सरोवराकाठच्या सान्तियागो आतित्लानला माशिमोन म्हणून लाकडी देव आहे, हॅट घातलेला, गळ्यात रंगीत रुमालांचा ढीग, तोंडात सिगार. दरवर्षी तो नव्या यजमानाच्या घरी राहायला जातो. त्याचा मुखवटा १९५० साली पाद्र्याने उचलून नेला. तो पुढे पॅरिसच्या संग्रहालयात निघाला आणि १९७९ ला गावात परत आला.

नेहा_पुणे३०
कोंकिस्ता सोडून, पाद्र्यांचा हात न लागलेला एखादा नाच उरलाय का?

किरमिजी
राबिनाल अची. कोबानहून दक्षिणेला, बाखा वेरापासमधलं राबिनाल गाव, संत पॉलचा दिवस २५ जानेवारी. तारीख संताची, गोष्ट मात्र पंधराव्या शतकातली, स्पॅनिश यायच्या आधीची, आणि भाषा अची. किचेंचा योद्धा राबिनालच्या योद्ध्याच्या हाती सापडतो. सगळं नाटक म्हणजे त्याची चौकशी. तो शेवटची मागणी करतो, की २६० दिवस द्या, माझ्या डोंगरांचा निरोप घेऊन येतो. २६० म्हणजे त्यांच्या पंचांगाचं पूर्ण एक चक्र. मग परत येऊन स्वतः मान पुढे करतो. वाद्यं म्हणजे एक तुन, म्हणजे पोकळ लाकडाचा ढोल, आणि दोन तुताऱ्या, बस्स. १८५५ मध्ये बार्तोलो सिस यांनी तोंडी सांगितलं आणि ब्रासर द बूरबूर या फ्रेंच पाद्र्याने उतरवून घेतलं. पाद्र्याचा हात लागला तो असा. युनेस्कोने २००५ साली दखल घेतली.

याच राबिनालच्या हद्दीत १९८२ च्या मार्चमध्ये रिओ नेग्रो गावच्या बायका-मुलांची कत्तल झाली. सैन्य आणि त्याने उभी केलेली गावटोळी. त्यानंतरही तिथे नाच उभा राहतो. गोदाकाठ, "गुलामीची उजळणी" या शब्दांना मला एवढंच म्हणायचं होतं.

गोदाकाठ
राबिनालबद्दल मी बोललो नव्हतो. पण वाचलं, आणि गप्प बसतो.

स्पष्टवक्ता
सगळे नाचून झाले असतील तर ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मी जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीत होतो, त्यामुळे शंका घेणं हाच धंदा.

पहिली गोष्ट कायद्याची. ग्वाटेमालात १९९७ चा वारसा-संरक्षण कायदा आहे. पन्नास वर्षांहून जुनी वस्तू त्यात येऊ शकते, परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा "दोन पिढ्या नाचलेला" खरा निघाला तर आनंद बेताचा करा.

दुसरं, पुढची बाजू बघूच नका. पुढून म्हातारा करणं सोपं असतं: धुरी देतात, मातीत पुरतात, बुटाचं पॉलिश चोळतात. खोटं कंटाळतं ते पाठीमागे. तासन्‌तास घामेजल्या कपाळावर घासलेलं लाकूड आतून काळं आणि गुळगुळीत होतं, विशेषतः कपाळ, नाकाचं हाड, हनुवटी. दोरीची भोकं ओढ बसून एका बाजूला झिजतात. मोरेरियाचा असेल तर आत मालकाची अक्षरं असू शकतात. आणि टवका उडाला असेल तिथे रंगाचे थर मोजा. हे मुखवटे पुन्हा पुन्हा रंगवतात, कधीकधी पात्रही बदलतं, कालचा दुसराच कुणी आज गोरा होतो.

तर ताई, आतली बाजू कशी आहे?

जव्हारकर
+१. आमच्या जुन्या मुखवट्यांना आतून वास येतो. तेल, घाम, धूर. तो नकली करता येत नाही.

अनुजा_वाशी
आत्ता खुर्चीवर चढून आले.

आतून पांढुरका आहे. स्वच्छ. वाकसाच्या खाचा अशा ताज्या, की बोट फिरवलं तर कुसळ लागेल. लागलंच. अक्षरं नाहीत. दोरीची भोकं गोल गरगरीत. वास पाइनच्या लाकडाचा, नव्या फर्निचरच्या दुकानासारखा. मग ओला कापूस हनुवटीवर फिरवला, तर कापूस तपकिरी आणि वास थेट बुटाच्या पॉलिशचा. खाली मस्त गुलाबी रंग. एकच थर.

म्हणजे तीन आठवडे उत्तर भिंतीवर टांगलेलं होतं आणि आम्ही रोज त्याच्यासमोर बसून चहा पीत होतो.

टवाळ_बंडू
आणि सासूबाईंनीच ते बरोबर बाजूने लावलं होतं. मुजरा.

रानवारा
वाईट वाटून घेऊ नका. ज्याने केलाय त्याचा हात चांगला दिसतोय, कुरळे केस लाकडातून काढणं सोपं नाही. कोरणारा बाजारासाठीही कोरतो आणि मोरेरियासाठीही, पोट एकच असतं.

स्पष्टवक्ता
आणि कायद्याच्या कटकटीतून सुटलात.

नेहा_पुणे३०
मग आता कुठे लावणार?

अनुजा_वाशी
सासूबाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "म्हणजे कुणाच्याच तोंडावरचा नाही ना? मग लाव की सरळ, छान आहे मेला." त्यांनीच पुसून हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावला.

नवरा रविवारी येतोय. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.